अतिदक्षता विभागातील व्यायामोपचार आणि रुग्णाची बोली

१. विषयप्रवेश

अत्यवस्थ रुग्णाचा प्राण वाचविणे आणि त्याच रुग्णास पुन्हा हिंडते-फिरते करणे ही दोन कार्ये भिन्न आहेत, ही जाणीव वैद्यकास फार उशिरा झाली. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. त्या वेळी ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णांच्या श्वासनलिकेस छिद्र पाडून, रबरी पिशवी हाताने दाबून, त्यांना श्वास देण्याची व्यवस्था केली. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने त्या पिशव्या दाबीत बसले. आजचा अतिदक्षता विभाग या प्रसंगातून उदयास आला असे मानण्याचा प्रघात आहे. त्यानंतर यंत्रे सुधारली आणि रुग्ण वाचू लागले. परंतु वाचलेला रुग्ण घरी गेल्यावर जिना चढू शकत नाही, घास तोंडापर्यंत नेताना त्याचा हात थरथरतो, हे प्रकर्षाने ध्यानात येण्यास आणखी काही दशके जावी लागली.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही; भाषाशास्त्राचा आहे. तेव्हा व्यायामोपचार, म्हणजे ज्याला आपण सर्वजण फिजिओथेरपी म्हणतो तो उपचार, कसा करावा हे सांगण्याचा अधिकार त्यास नाही. तथापि या उपचाराचे एक साधन असे आहे की ज्याचा विचार भाषेच्या अभ्यासकानेच करावयास हवा. ते साधन म्हणजे शब्द. औषध रुग्णाच्या शिरेत सोडता येते. व्यायाम सोडता येत नाही. निश्चेष्ट रुग्णाचे सांधे उपचारकास हलविता येतात हे खरे. पण त्यापुढची प्रत्येक पायरी रुग्णाने स्वतः चढावयाची असते, आणि ती चढण्यास त्याला सांगावे लागते. ते सांगणे त्यास समजले की नाही, यावर उपचार पुढे सरकतो किंवा थांबतो. बुलढाणा जिल्ह्यातील बोली डोळ्यांसमोर ठेवून या सांगण्याचे स्वरूप तपासणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२. पडून राहण्याचे मूल्य

प्रथम उपचाराची थोडी पार्श्वभूमी पाहू. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या, गुंगीत ठेवलेल्या रुग्णाचे स्नायू आश्चर्यकारक वेगाने झिजतात. लंडनमधील एका संशोधनात, २०१३ साली, ६३ रुग्णांच्या मांडीच्या स्नायूची जाडी ध्वनिलहरींनी मोजण्यात आली. दहाव्या दिवसापर्यंत त्या स्नायूचे छेदक्षेत्र सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्यापूर्वी २००२ साली फ्रान्समध्ये, सात किंवा अधिक दिवस यंत्रावर राहून शुद्धीवर आलेल्या ९५ रुग्णांची तपासणी झाली. त्यांपैकी २४ जणांच्या हातापायांत ठळक दुर्बलता होती. ही दुर्बलता केवळ पडून राहिल्याने येत नाही. रक्तातील जंतुदोष, शरीरभर पसरणारा दाह आणि नसांवर होणारा परिणाम ही तिची अन्य कारणे होत. ती लवकर जातही नाही. फुफ्फुसांच्या गंभीर विकारातून बचावलेल्या टोरांटो येथील १०९ रुग्णांचा वृत्तान्त २००३ साली प्रसिद्ध झाला. वर्षानंतरही सहा मिनिटांत चालून जाण्याचे त्यांचे अंतर अपेक्षित अंतराच्या दोन तृतीयांशांच्या आसपासच होते.

यावर उपाय म्हणून रुग्ण यंत्रावर असतानाच त्याची हालचाल सुरू करावी, असा विचार पुढे आला. प्रथम कुशी बदलणे व सांधे हलविणे, छातीतील बेडका सुटावा म्हणून श्वसनाचे व्यायाम, मग खाटेच्या कडेस पाय सोडून बसणे, खुर्चीत बसणे, उभे राहणे आणि शेवटी चालणे, असा त्याचा साधारण क्रम आहे. २००९ साली अमेरिकेतील १०४ रुग्णांच्या तुलनात्मक प्रयोगात, गुंगीचे औषध रोज काही काळ थांबवून लवकर व्यायाम दिलेल्या गटातील ५९ टक्के रुग्ण रुग्णालयातून निघताना स्वावलंबी झाले होते; दुसऱ्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ७५० रुग्णांच्या मोठ्या प्रयोगात, नेहमीच्या मानाने अधिक जोमाने हालचाल करविल्याने अधिक लाभ दिसला नाही; उलट हृदयाची गती वा रक्तदाब बिघडण्यासारखे अपाय वाढले. म्हणजे हालचाल हवीच, पण ती रुग्णाच्या त्या त्या दिवसाच्या कुवतीइतकी हवी. आणि कुवत मोजावयाची तर रुग्णाशी बोलणे आले.

३. ‘आराम’ आणि ‘पुनर्वसन’

हे बोलणे कोणत्या शब्दांनी सुरू होते? आपल्या भाषेत ‘आराम’ या शब्दाचे दोन अर्थ एकत्र नांदतात. एक विश्रांती, दुसरा रोगापासून मुक्तता. ‘आराम करा’ म्हणजे पडून राहा; ‘आराम पडला’ म्हणजे बरे वाटले. एकाच शब्दात उपाय आणि फळ दोन्ही सामावल्यामुळे, पडून राहण्यानेच बरे वाटते ही समजूत बोलणाऱ्याच्या नकळत दृढ होते. यंत्राला जोडलेल्या वृद्ध पित्यास खाटेवर बसविताना पाहून ‘त्याले आराम करू द्या’ असे मुलगा कळवळून म्हणतो, तेव्हा तो अडाणीपणाने बोलत नसतो. भाषेने दिलेल्या अर्थास धरून बोलत असतो. उपचारकाने त्यास ‘हालचाल आवश्यक आहे’ एवढेच सांगणे म्हणजे एका शब्दात मुरलेल्या दृढ विश्वासास नुसत्या विधानाने उत्तर देणे होय.

‘पुनर्वसन’ हा शब्द तर याहून अडचणीचा आहे. वैद्यकीय परिभाषेत तो रूढ झाला आहे, आणि मुंबई येथे १९५५ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेच्या नावातही तो आहे. परंतु बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पामुळे ज्यांची गावे उठावयाची आहेत, त्या नांदुरा, जळगाव जामोद परिसरातील कुटुंबांना ‘पुनर्वसन’ म्हटले की नवे गावठाण, भूखंड, मोबदला आणि कचेरीतील खेटे आठवतात. ‘तुमच्या वडिलांचे पुनर्वसन करावे लागेल’ हे वाक्य अशा घरातील माणसाने ऐकले, तर वडिलांना कोठे तरी दुसरीकडे हलविणार असा ग्रह होणे अगदी स्वाभाविक आहे.

४. जिल्ह्याच्या बोली

रुग्णाचा प्रवास आणि बोलीचा पालट हे दोन्ही या जिल्ह्यात बरोबरच होतात. बुलढाणा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झाले. तोवर गंभीर रुग्णास जिल्ह्याबाहेर नेण्याचीच रीत होती, आणि ती अजून संपलेली नाही. खामगाव, शेगाव, संग्रामपूरकडील रुग्ण अकोल्यास जातो, चिखली, देऊळगाव राजाकडील छत्रपती संभाजीनगरास, मलकापूरकडील जळगावास. घाटाखालच्या पूर्णाकाठी वऱ्हाडी बोली ठसठशीत आहे. घाटावर पश्चिमेकडे जावे तसे बोलणे मराठवाड्याच्या बोलीशी मिळत जाते. मलकापूरकडे खानदेशाचा वारा लागतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात, कोरकूबरोबर निहाली भाषाही बोलली जाते. जगातील कोणत्याही भाषाकुलाशी जिचे नाते निश्चित जुळविता आलेले नाही अशी ही भाषा. कायपर या डच विद्वानाने १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केल्याचे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. निहालीभाषक मराठी व हिंदीही जाणतात. पण शुद्ध आणि बेशुद्ध यांच्या सीमेवर असलेल्या माणसाकडून दुसऱ्या भाषेची अपेक्षा किती करावी, हा प्रश्न उरतोच.

वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो. डोळा तो ‘डोया’, गळा तो ‘गया’. नुकतीच नळी काढलेल्या रुग्णाने घोगऱ्या, क्षीण आवाजात ‘गया दुखते’ म्हटले आणि जवळची परिचारिका मराठी न जाणणारी असली, तर तिच्या कानी हिंदीतील ‘गेला’ या अर्थाचा शब्द पडतो. नळीमुळे घशास इजा झाली आहे काय, याची पहिली खूण अशा रीतीने निसटू शकते. अवयवांच्या नावांचेही तसेच. गुडघ्यास वऱ्हाडात ‘टोंगळा’ म्हणतात व उच्चार ‘टोंगया’ करतात. ‘ढोपर’ हा शब्द महाराष्ट्रात कोठे कोपरास तर कोठे गुडघ्यास लावतात.

या संदर्भात एक घरचा अनुभव नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. प्रस्तुत लेखकाचे मामा पूर्णाकाठचे शेतकरी. काही वर्षांपूर्वी फुफ्फुसांच्या जंतुसंसर्गाने ते जिल्ह्याबाहेरील एका रुग्णालयात यंत्रावर होते. शुद्धीवर आल्यावर त्यांना ‘गुडघा दुमडा’, ‘घोटा ताणा’ अशा सूचना घाईघाईने व एकापाठोपाठ एक दिल्या जात होत्या, आणि ते नुसते पाहत राहत. ‘सूचना पाळत नाहीत’ अशी नोंद झाली व त्या दिवशीचा व्यायाम रहित झाला. सायंकाळी भेटीच्या वेळी मामी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, ‘अहो, टोंगया वाकवा बरं.’ पांघरुणाखाली गुडघा हळूहळू वर आला. मामांना गुडघा हा शब्द ठाऊक नव्हता असे नव्हे. पण थकलेल्या मेंदूस जो शब्द सर्वांत जवळचा, तोच प्रथम पोहोचला असावा. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मान्य. परंतु प्रश्न मांडण्यास ते पुरेसे आहे.

५. आज्ञांची रचना

दुर्बलता मोजण्याची रूढ पद्धत ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या गुणांवर आधारलेली आहे. खांदा, कोपर, मनगट, नितंबसंधी, गुडघा व घोटा या सहा ठिकाणच्या हालचालींस दोन्ही बाजूंनी शून्य ते पाच गुण देतात. एकूण गुण ६०. ४८ हून कमी पडल्यास लक्षणीय दुर्बलता समजतात. ही मोजणी करण्यापूर्वी रुग्ण जागा व समजणारा आहे की नाही हे पाहावे लागते. त्यासाठी वर उल्लेखिलेल्या फ्रेंच संशोधकांनी पाच आज्ञा योजिल्या: डोळे उघडा व मिटा, माझ्याकडे पाहा, तोंड उघडून जीभ बाहेर काढा, मान हलवा, मी पाचपर्यंत मोजल्यावर भुवया वर करा. यांपैकी किमान तीन पाळल्या गेल्या तर रुग्ण तपासणीयोग्य मानावयाचा.

भाषेच्या दृष्टीने या पाच आज्ञा सारख्या नाहीत. ‘तोंड उघडून जीभ बाहेर काढा’ यात ‘ऊन’ प्रत्ययाने दोन क्रिया एका वाक्यात ओवल्या आहेत. मराठीस ही रचना इतकी सहज आहे की सांगणाऱ्यास आपण दोन कामे सांगितली याचे भानही राहत नाही. ऐकणाऱ्यास मात्र दोन कामे क्रमाने लक्षात ठेवावी लागतात. पाचवी आज्ञा तर अधिकच अवघड. मराठीत गौण वाक्य आधी व मुख्य क्रियापद अखेरीस येते. ‘मी पाचपर्यंत मोजल्यावर’ एवढे ऐकून दमलेला रुग्ण आपणच मोजावयाचे आहे असे समजू शकतो, आणि ‘वर करा’ येईपर्यंत त्याचे अवधान सुटते. ‘मान हलवा’ हीही संदिग्ध आहे. मान होकारार्थी हलवावी की नकारार्थी? ‘हो म्हणा, मानेनं’ असे म्हटल्यास शंका उरत नाही.

होकार-नकाराचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. नळी घातलेल्या रुग्णास बोलता येत नाही, जिभेने ‘च्’ असा नकारही देता येत नाही. त्याच्यापाशी केवळ मान किंवा बोट असते. अशा वेळी आपण सहानुभूतीने विचारतो, ‘दुखत नाही ना?’ रुग्ण मान डोलावतो. याचा अर्थ काय? ‘हो, दुखत नाही’, की ‘हो, दुखते’? मराठीत अशा नकारार्थी प्रश्नास दिलेला होकार पुढील शब्दांवाचून निश्चित होत नाही, आणि पुढील शब्द तर रुग्णापाशी नाहीत. ‘दुखतं का?’ असा सरळ प्रश्न विचारणे हाच मार्ग.

‘दम’ या शब्दाची गत अशीच. ‘दम लागतो’ म्हणजे श्वास अपुरा पडतो. ‘दम घ्या’ म्हणजे थांबा, विसावा घ्या. ‘दम धरा’ म्हणजे धीर धरा. श्वास आत रोखून ठेवावा या अर्थाने कोणी ‘दम धरा’ म्हटले, तर रुग्ण निमूटपणे वाट पाहत राहील, आणि त्याने आज्ञा तंतोतंत पाळलेली असेल! येथे ‘श्वास’ हाच शब्द वापरणे इष्ट.

६. एक अनुवाद आणि एक अडचण

भ्रमावस्था ओळखण्यासाठी अमेरिकेत वेस्ली ईली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेली ‘कॅम-आयसीयू’ ही चाचणी जगभर वापरतात. तीत अवधान पाहण्यासाठी दहा इंग्रजी अक्षरे सावकाश उच्चारतात: एस, ए, व्ही, ई, ए, एच, ए, ए, आर, टी. ‘ए’ ऐकू आले की रुग्णाने हात दाबावयाचा. दोनहून अधिक चुका झाल्या तर अवधान ढळले आहे असे मानतात.

इंग्रजी न शिकलेल्या रुग्णासाठी ‘ए’च्या जागी ‘अ’ घ्यावा असे सहज सुचेल. पण देवनागरी वर्णमालेतील प्रत्येक व्यंजनाचे नाव ‘अ’कारान्त आहे: स, व, ह, र, त. ‘अ ऐकू आला की हात दाबा’ असे सांगितल्यास, काटेकोरपणे ऐकणाऱ्या रुग्णाने जवळजवळ प्रत्येक वेळी हात दाबला तर त्यास चूक कशी म्हणावी? सावध रुग्ण येथे भ्रमिष्ट ठरेल. ज्यास अक्षरओळखच नाही त्याचा प्रश्न निराळाच. अशा वेळी अंक सोयीचे. त्यांतही निवड हवी. चार, पाच, सात, आठ या चौघांत ‘आ’ हा एकच स्वर असल्याने यंत्रांच्या गजबजाटात ते एकमेकांसारखे भासतात. एक ते दहा या अंकांत ‘ई’ स्वर केवळ ‘तीन’मध्ये आहे. तेव्हा ‘तीन म्हटलं की हात दाबा’ ही आज्ञा श्रवणाच्या दृष्टीने सर्वांत निःसंदिग्ध ठरावी. अर्थात हे अनुमान आहे. प्रत्यक्ष रुग्णांवर, वैद्यांच्या देखरेखीखाली, पारखून घेतल्यावाचून ते वापरात आणू नये.

त्याच चाचणीत विचार सुसंगत आहे की नाही हे पाहणारे प्रश्न आहेत. ‘दगड पाण्यावर तरंगतो का?’ हा त्यांपैकी एक. रामायणातील सेतूची कथा लहानपणापासून ऐकलेल्या वृद्धेने क्षणभर विचार करून ‘हो’ म्हटले, तर तो भ्रम नव्हे. ‘समुद्रात मासे असतात का?’ याऐवजी ‘नदीत’ म्हणावे. पौंडाऐवजी किलो म्हणावे. शब्दाला शब्द ठेवला म्हणजे अनुवाद झाला, ही समजूत वाङ्मयात जितकी घातक, तितकीच किंवा काकणभर अधिक येथे घातक आहे.

७. जो ऐकतो पण हलत नाही

या साऱ्याचे महत्त्व ज्याच्या बाबतीत पराकोटीस पोहोचते असा एक रुग्ण आपल्या शेतीप्रधान जिल्ह्यास अपरिचित नाही. मण्यार चावलेला माणूस. मण्यारीचे विष नसांचा स्नायूंशी असलेला संदेशव्यवहार तोडते. प्रथम पापण्या मिटतात, मग गिळणे, बोलणे व अखेर श्वास थांबतो. यंत्राने श्वास दिला तर असे रुग्ण पुढे पूर्ण बरे होऊ शकतात. परंतु त्या अवधीत डोळे मिटलेला, हाक मारली असता हालचाल न करणारा हा माणूस बेशुद्ध दिसत असला तरी पुष्कळदा सर्व काही ऐकत असतो. त्याच्या खाटेपाशी उभे राहून नातलगांनी वा कर्मचाऱ्यांनी काय बोलावे, याचा विचार ज्याने त्याने करावा. बोटाची किंवा पायाच्या अंगठ्याची किंचित हालचाल परत येताच तिलाच होकाराची खूण ठरविणे, हे व्यायामोपचाराचे आणि संभाषणाचेही पहिले पाऊल ठरते.

वाणी परत येण्याची प्रक्रियाही ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्याने जाणून घ्यावी अशी आहे. नळी कंठातून जात असता स्वरतंतू एकमेकांस भेटत नाहीत. गळ्यास छिद्र केले असता श्वास कंठापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून घोष निर्माण होत नाही. नळीवर एकमार्गी झडप बसविली व नळीभोवतीचा फुगा रिकामा केला, म्हणजे उच्छ्वास पुन्हा कंठातून वर येतो व रुग्ण बोलतो. आरंभी एका श्वासात दोन-तीन शब्दच मावतात. बेडका वर आणण्यासाठी घसा उघडा ठेवून जोराने श्वास सोडावयास शिकवितात. ‘आरशावर वाफ सोडावी तसं हाऽ करा’ असे सांगितले की ते साधते. हा तर आपल्या ‘ह’काराचाच प्रयत्न. खोकल्यात कंठद्वार आधी मिटते व मग झटक्याने उघडते. येथे ते मिटत नाही, हा भेद आपणांस वर्गात शिकवावाच लागतो.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा मथितार्थ थोडक्यात असा. अत्यवस्थ रुग्णाच्या व्यायामोपचारात ‘रुग्ण सूचना पाळत नाही’ ही नोंद नेहमी रुग्णाविषयीच असते असे नाही. कधी कधी ती सूचनेविषयी असते. चुकीच्या नोंदीची किंमत मात्र रुग्णाच्या स्नायूंना मोजावी लागते. एक दिवस व्यायाम हुकणे म्हणजे काय, हे वरील १८ टक्क्यांच्या आकड्यावरून ताडता येईल.

या कामी भाषाविभागास करता येण्याजोगे पुष्कळ आहे. घाटावरच्या व घाटाखालच्या गावांतून शरीरावयवांची, वेदनेची, थकव्याची व श्वासाची नावे गोळा करणे. एका वाक्यात एकच क्रिया असलेल्या आज्ञा रचणे. त्या निरोगी वृद्धांना ऐकवून कोठे अडखळतात ते पाहणे. आणि मग ती यादी वैद्यांच्या व उपचारकांच्या हाती तपासणीसाठी सोपविणे. पदव्युत्तर वर्गातील दोघातिघांनी मनावर घेतले तर एका वर्षात आरंभ होण्याजोगे हे काम आहे.

राहता राहिला ‘आराम’. त्या शब्दाशी वाद घालण्याचे कारण नाही, कारण आपल्याच भाषेने त्याचा उताराही देऊन ठेवला आहे. दुखणाईत माणूस ‘अंथरूण धरतो’ आणि बरा होतो तेव्हा ‘अंथरुणातून उठतो’, ‘हिंडता-फिरता होतो’, ‘आपल्या पायांवर उभा राहतो’. नातलगांस ‘पुनर्वसन’ समजावून सांगत बसण्यापेक्षा, ‘बाबांना हिंडतं-फिरतं करायचं आहे, आजपासून थोडं थोडं बसवू’ असे म्हटले, तर ते कोणासही परके वाटणार नाही.